घरावरचं सोलर: पॅनेलला दोष देण्याआधी या चुका टाळा

सोलर बसवल्यावर पहिली तक्रार ठरलेली असते. "लाईट गेली की सोलरही बंद पडतं, मग उपयोग काय?" यंत्रात बिघाड नसतो. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) महावितरणच्या लाइनला धरूनच चालतो आणि लाइन गेली की त्याने आपणहून बंद व्हायचंच असतं. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर तुमच्या गच्चीवरची वीज बेतेल. लाईट गेल्यावरही पंखे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते, आणि हे कोटेशनवर सही करण्याआधी बोलायचं. ज्यांच्याकडे महिन्यातून दोन-चार तासच लाईट जाते, त्यांनी बॅटरीत पैसे अडकवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

किती किलोवॅट घ्यायचे हेही अनेक जण अनुदान बघून ठरवतात. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात आणि पुढे आकडा वाढत नाही, म्हणून सरसकट तीन. त्याऐवजी वर्षभराची बिलं काढून युनिट बघा. आपल्याकडे १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो. पावसाळ्यात हे बरंच खाली येतं, तेव्हा जुलैतल्या आकड्यावरून सिस्टिमला नावं ठेवू नका.

सावलीची चूक मात्र २५ वर्षं भोगावी लागते. मे महिन्यात पुण्यात सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. त्या दिवसांत पाहणी झाली की पाण्याच्या टाकीची सावली पायाशीच दिसते. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला कलून दुपारीही ४८ अंशांवरच असतो, आणि सकाळी नऊला त्याहून बराच खाली. दक्षिणेकडची टाकी, जिन्याची खोली, शेजारची नवी इमारत, सगळ्यांच्या सावल्या तेव्हा पॅनेलवर येतात. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी त्याचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो. जागा ठरवताना हिवाळ्यातला सूर्य धरूनच आखणी करून घ्या.

दुपारी बारा वाजता इन्व्हर्टर बंद

ऊन कडक, आकाश स्वच्छ, आणि नेमकं तेव्हाच 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' दाखवून इन्व्हर्टर थांबतो. लोक पॅनेल धुतात, कंपनीला फोन करतात. खरं कारण अनेकदा एसी वायरीत, म्हणजे इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतच्या वायरीत असतं. ५ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर साधारण २२ अँपिअर करंट ढकलतो. गच्चीपासून मीटरपर्यंत ३० मीटर अंतर आणि ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असेल, तर जाऊन-येऊन ६० मीटरमध्ये जवळजवळ ६ व्होल्ट चढतात. मीटरपाशी २४८ असतील तर इन्व्हर्टरला २५४ दिसतात, आणि मर्यादा २५३ वर लावलेली असेल तर तो बंद पडणारच. १० स्क्वेअर एमएम टाकली की हाच फरक अडीच व्होल्टच्या आत येतो. भर दुपारी दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजायला लावा. मीटरपाशीच २५० च्या वर असेल तर वायर बदलून भागणार नाही. महावितरणकडे लेखी तक्रार करून ट्रान्सफॉर्मरचं टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) तपासायला सांगा.

पावसाळी सकाळचा फॉल्ट

सकाळी 'आयसोलेशन फॉल्ट' (वीज अर्थकडे गळतेय असा इशारा), अकराच्या सुमारास इन्व्हर्टर आपोआप सुरू. म्हणजे कुठेतरी ओल आहे: पत्र्याच्या धारेवर घासलेली केबल, किंवा नीट न दाबलेला एमसी-फोर कनेक्टर (पॅनेलच्या केबली जोडणारा प्लग). दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसवलेले असले तर तो जोड तापतो, पुढे जळतोही. फॉल्ट शोधायची पद्धत सोपी आहे, पण ती जाणकार इलेक्ट्रिशियननेच करायची, कारण तिथे ४०० व्होल्ट डीसी असतो. ओल असतानाच, आयसोलेटर (पॅनेल आणि इन्व्हर्टरमधला डीसी स्विच) बंद करून, प्लस ते अर्थ आणि मायनस ते अर्थ मोजायचं. सगळं ठीक असेल तर आकडा घसरत शून्याजवळ जातो. ४० व्होल्टची १० पॅनेलं आहेत आणि प्लस-अर्थमध्ये १२० वर आकडा थांबला, तर प्लसकडून तिसऱ्या पॅनेलच्या पुढचा जोड उघडून बघा. चालू सिस्टिममध्ये कनेक्टर कधीही ओढू नका. डीसीची ठिणगी सहजी विझत नाही. त्याच कारणाने डीसी बाजूला एसीचा एमसीबी (आपोआप पडणारा ट्रिप स्विच) लावणं हा सरळ आगीचा धोका आहे, आणि तो मला फार जागी दिसतो.

बॅटरीचं गणित कागदावर आणि घरात वेगळं असतं. १२ व्होल्ट १५० एएच ट्युब्युलर (नेहमीची लेड-अ‍ॅसिड बॅटरी) म्हणजे कागदावर १.८ युनिट, बॅटरी टिकवायची तर त्यातलं निम्मंच वापरायचं. दोन पंखे आणि चार एलईडी चार तास, बस्स. जुन्या बॅटरीला नवी जोडू नका, जुनी नवीलाही घेऊन बुडते. ट्युब्युलर काढून लिथियम लावली तर इन्व्हर्टरमधला बॅटरीचा प्रकार बदला आणि इक्वलायझेशन (अधूनमधून जादा व्होल्टेजने चार्ज करणं) बंद करा. तसं केलं नाही तर जादा व्होल्टेजमुळे बॅटरी स्वतःला बंद करून घेते आणि खापर बॅटरीवर फुटतं.

आणि नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) बसायच्या आधी 'जरा चालू करून बघू' म्हणून सिस्टिम सुरू ठेवू नका. अनेक साधे डिजिटल मीटर बाहेर गेलेली वीजही वापरलेली म्हणून मोजतात, आणि बिल दुप्पट आल्यावर ते दुरुस्त करून घेताना नाकी नऊ येतात.