प्राचीन इतिहास खेळात आणताय? या चुका टाळा

टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत आणि फासे टाकत खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात मी गोष्ट चालवतो. पहिल्या कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक सेशन (बैठका) चालणाऱ्या कथेसाठी, मी प्राचीन तुर्कस्तानातल्या हित्ती साम्राज्यावर चार पानं लिहिली आणि सेशनच्या सुरुवातीलाच वाचून दाखवली. सुप्पिलुलिउमा या हित्ती राजाचं नाव दुसऱ्यांदा येईपर्यंत टेबलावर फाशांचा मनोरा उभा राहिला होता. पुढच्या खेपेला घाबरून सगळंच छाटलं. उरले एक राजा, एक पुजारी आणि एक खजिना. तेही फसलं, कारण नावांबरोबर मी कारणंही छाटून टाकली होती.

कारण छाटण्याची चूक सगळ्यात जास्त दिसते ती कांस्ययुगात. लोखंडी तलवारीच्या वारानं शत्रूचं पूर्ण नुकसान, कांस्याच्या तलवारीनं त्यातून वजा एक, की झालं कांस्ययुग! खरं तर सुरुवातीचं लोखंड चांगल्या कांस्यापेक्षा काही फार सरस नव्हतं. त्याचा कच्चा धातू ठिकठिकाणी मिळायचा, ही त्याची मोठी सोय. कांस्याला साधारण नऊ भाग तांब्यामागे एक भाग कथील लागतं आणि कथील मोजक्याच जागी सापडतं. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर उलुबुरुनजवळ इ.स.पूर्व १३०० च्या आसपास बुडालेलं एक जहाज सापडलंय. त्यात सुमारे १० टन तांबं होतं आणि साधारण १ टन कथील. म्हणजे ओतायचं प्रमाणसुद्धा जहाजातच भरलेलं!

हे सगळं वाचून दाखवू नका. खेळाडूंना तलवार दुरुस्त करायला ओताऱ्याकडे पाठवा. तो म्हणेल, “तांबं हवं तेवढं आहे हो, पण दोन वर्षं झाली, कथिलाचं जहाज आलेलं नाही.” एवढं पुरे. समुद्रावर काहीतरी बिनसलंय आणि राजाचं सैन्य लवकरच निःशस्त्र होणार, हे कुणीही ओळखतं. जहाज शोधायला निघायचं की नाही, यावर खेळाडूच भांडायला लागतात.

नावांचं म्हणाल तर एका सेशनला दोन. बाकीचे ‘म्हातारा राजा’ आणि ‘बंदरावरची बाई’.

दुसरी चूक म्हणजे ‘प्राचीन इजिप्त’ हा एकच काळ समजणं. गिझाचा मोठा पिरॅमिड इ.स.पूर्व २५६० च्या सुमाराचा, क्लिओपात्राचा मृत्यू इ.स.पूर्व ३० मधला. मध्ये अडीच हजार वर्षं! फँटसीत काळ मिसळायला माझी हरकत नाही, पण नकळत मिसळू नका. कथेसाठी एकच पिढी पक्की करा आणि त्याआधीचं सगळं त्या पात्रांनाही जुनंच वाटू द्या. क्लिओपात्राच्या काळातल्या माणसासाठी पिरॅमिड हे भुताखेतांचं ठिकाण करून टाकलंत, तर भुयाराचा नकाशा निम्मा तयार.

सोन्याच्या नाण्यांबद्दल मी जरा ढिला आहे. नाणी लिडियात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या राज्यात, इ.स.पूर्व सातव्या शतकात आली. त्याआधी चांदी तोलून द्यायची किंवा धान्य मोजायचं. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांत मजुरी याच दोन रूपांत ठरवलेली दिसते. पण प्रत्येक खरेदीला तराजू काढलात तर खेळाडू पळतील. हिशेब नाण्यांतच ठेवा, फक्त एकदा खोट्या वजनांच्या व्यापाऱ्याची गाठ घालून द्या.

राजे आणि योद्धे यांच्यापलीकडे कुणीच नाही, अशी जगं लवकर शिळी होतात. इजिप्तचा राजा तिसरा रामसेस याच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी शाही थडगी खोदणाऱ्या कामगारांनी धान्याचा पगार थकला म्हणून काम बंद ठेवलं आणि ते मंदिरापाशी जाऊन बसले. खेळाडूंना त्यांच्यात बसवा. कोठारातलं धान्य गेलं कुठं, हा प्रश्न ड्रॅगनपेक्षा जास्त वेळ पुरतो.

खेळ संपल्यावर कुणीतरी विचारतंच, “यातलं खरं किती?” उत्तर तयार ठेवा: जहाज खरं, कथील खरं, ते बुडवणारी समुद्रदेवी माझी.