रेडिओत, पेपरात जायचंय? सीमाभागातल्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

‘सर, बातमी पाठवली होती, छापून आली नाही.’ बेळगाव भागातल्या खानापूर, येळ्ळूर, कडोली, निपाणीकडची मुलं हे मला दरवर्षी सांगतात. मग मी ती बातमी मागून घेतो आणि वाचतो. बहुतेक वेळा तिची सुरुवात अशी असते: ‘येथील शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन मोठ्या उत्साहात संपन्न झाले. दीपप्रज्वलनाने कार्यक्रमाची सुरुवात झाली. व्यासपीठावर...’ आणि पुढं अकरा नावं. अगदी तळाला एक ओळ असते, की माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला दोन खोल्या बांधून दिल्या.

अरे, बातमी तीच आहे! ती पहिल्या ओळीत घ्या. किती जणांनी वर्गणी दिली, किती पैसे जमले, आजवर मुलं कुठं बसत होती, जूनपासून कुठला वर्ग तिथं भरणार, हे विचारून लिहा. मान्यवरांपैकी दोन नावं पुरतात. डेस्कवर, म्हणजे बातम्या निवडून पानात लावायच्या जागी, बसलेल्या माणसापुढं रात्री अशा कार्यक्रमांचा ढीग असतो. त्यात तुमची बातमी वेगळी दिसली तरच तो ती हातात घेतो.

नाव विचारून घेतलं, पण पडताळलं नाही

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक चूक आजही मला टोचते. एका निधनाची बातमी मी फोनवर घेतली. आपल्याकडच्या पेपरात रक्षाविसर्जनाची वेळ छापून येते आणि लोक ती बघूनच निघतात, म्हणून वेळ मी दोनदा विचारली. नाव मात्र एकदाच विचारलं. दोघे भाऊ, नावं सारखीच वाटणारी. छापून आलं ते जिवंत असलेल्या भावाचं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेलो. ते काही बोलले नाहीत, फक्त पेपर माझ्यापुढं ठेवला. तेव्हापासून मी पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गल्ली आणि वय लिहून घेतो आणि लिहिलेलं समोरच्याला वाचून दाखवतो. त्याला अर्धा मिनिट लागतो.

कन्नड टाळणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. आपण मराठी शाळेत शिकलो, मराठी पेपरात काम करणार, मग कन्नड कशाला, असं मुलांना वाटतं. पण ग्रामपंचायतीचा ठराव, तहसीलदार कार्यालयातली नोटीस, पोलिसांची फिर्याद ही सगळी कागदपत्रं कन्नडमध्ये असतात. तो कागद वाचता आला नाही तर तुम्ही दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसता आणि तो सांगेल तीच बातमी होते.

नुसती बोलता येण्याइतकी भाषा पुरत नाही, कारण ओळखीचे शब्दच दगा देतात. कन्नडमध्ये ‘अनुमान’ म्हणजे शंका. ‘अनुमानास्पद सावु’ असं लिहिलेलं असेल तर तो संशयास्पद मृत्यू असतो. मराठीतलं अनुमान मनात ठेवून भाषांतर केलंत तर पोलिसांनी काही निष्कर्ष काढला आहे असं वाचकाला वाटेल. रोज एक कन्नड पेपर आणि एक मराठी पेपर शेजारी ठेवा, एकच बातमी दोन्हीकडं वाचा आणि वेगळे वाटलेले शब्द वहीत लिहा. दोन्ही लिपी सहज वाचणारा मुलगा किंवा मुलगी पुण्यामुंबईच्या वार्ताहरालाही ज्या जागी अडचण येते, तिथं सरळ आत जाऊ शकते.

बाजू आणि बातमी

1 नोव्हेंबरला बेळगावात एकीकडं कर्नाटक स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसरीकडं सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधात मराठी माणसं काळा दिन पाळतात. घरात तुमचं मत काहीही असू दे, मलाही माझं मत आहे. पण त्या दिवशी रस्त्यावर उभं राहून लिहिताना कोण, कुठं, किती वाजता, काय म्हणालं, एवढंच लिहा आणि जे म्हणालं ते त्याच्या नावावर टाका. अशा दिवशी मोबाईलवर आलेला व्हिडिओ जागेवर जाऊन खात्री केल्याशिवाय पुढं पाठवू नका. आपल्या भागात एका चुकीच्या ओळीनं तणाव होऊन बसची ये-जा थांबते.

रेडिओ म्हणजे गोड आवाज, हा गैरसमज

माईकसमोर बसलं की मुलं एकदम कुणा मुंबईच्या निवेदकासारखी बोलू लागतात. घरी ‘काय करूलालास?’ म्हणणारा मुलगा तिथं परका होतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. प्रमाण मराठी वाचा, उच्चार घासा, पण स्वतःचा आवाज सोडू नका. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळा आहे. कन्नडच्या सवयीनं दोन्ही एकच होतात, म्हणून ‘चार जनावरांना चारा घातला’ हे वाक्य रोज मोठ्यानं म्हणा. माईक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला ठेवा, नाहीतर प, फ, भ म्हणताना वाऱ्याचा धपका बसतो.

लिहिणंही वेगळं असतं. पेपरातलं वाक्य परत वाचता येतं, रेडिओवरचं एकदाच कानावर पडतं. 1,25,000 हा आकडा ‘सव्वा लाख’ असा वाचा, 2,500 हा ‘अडीच हजार’ असा. श्वास संपण्याआधी वाक्य संपलं पाहिजे.

कुठं जायचं, याबाबतही गोंधळ असतो. खासगी एफएमवर बातमीदार व्हायचं स्वप्न घेऊन मुलं येतात. पण त्या वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं प्रसारित करता येतं. तिथं निवेदन, मुलाखत, जाहिरात-लेखन अशी कामं असतात. बातम्यांसाठी आकाशवाणीकडं बघा. धारवाड कन्नडला, सांगली मराठीला. नैमित्तिक, म्हणजे गरजेपुरतं बोलावल्या जाणाऱ्या, निवेदकाची जाहिरात निघते, आवाज चाचणी आणि लेखी परीक्षा होते. जाहिरातीत बऱ्याचदा वास्तव्याची अट असते, ती आधी वाचा. शिकायला मात्र सामुदायिक रेडिओ, म्हणजे एखाद्या संस्थेनं आसपासच्या लोकांसाठी चालवलेलं छोटं केंद्र, उत्तम. बेळगावात केएलई वेणुध्वनी 90.4 आहेच. अशा केंद्रांचे निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागानं व्हावेत असा नियम आहे, म्हणजे विद्यार्थ्याला दार उघडं असतं. पत्रकारितेची पदवी घ्यायची तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ जवळ आहे, पण प्रवेश होईपर्यंत थांबू नका. कडोली, येळ्ळूर, उचगावची साहित्य संमेलनं आपल्याच दारात भरतात. तिथं दिवसभर बसून एक भाषण टिपा आणि त्याचं दीडशे शब्दांत वृत्त करा.

आणि डेस्कला संध्याकाळी सातनंतर फोन करू नका, तेव्हा पानं लागत असतात. दुपारी जा. बातमी युनिकोडमध्ये टाईप करून द्या, फोटो कोलाज न करता मूळ पाठवा, त्यातल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडं लिहा आणि खाली तुमचा नंबर द्या. शंका आली तर रात्री साडेदहालाही फोन येईल, तो उचला.