जिरॅनियमची कलमं लावण्याआधी

मागच्या दिवाळीनंतर मी जिरॅनियमच्या अकरा फांद्या लावल्या आणि अकराच्या अकरा गेल्या. म्हणून यंदा हे लिहून ठेवतेय. कुंडीला भोक हवं वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल. एक गोष्ट मात्र कंटाळलात तरी पुन्हा पुन्हा सांगणार: कापलेलं टोक वाळू द्या.

आधी वेळ. इंदूरला ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबर उत्तम. पाऊस गेलेला असतो, थंडी कडक व्हायची असते. फेब्रुवारीतही जमतं, पण मुळं धरेपर्यंत उन्हाळा दारात. पावसाळ्यात नादी लागू नका.

अंगणातली काळी माती नको. म्हणीत म्हणतात तशी माळव्याची धरती 'गहन गंभीर' खरी, पण ती पाणी धरून बसते आणि या झाडाला तेच सोसत नाही. नर्मदेची रेती चाळून, धुऊन घ्या, तेवढंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा. खत अजिबात नको. कुंड्या तीन-चार इंची. मोठीत ओल राहते.

फांदी निरोगी हवी, फुलावर नसलेली, ना लुसलुशीत ना जून. तीन-चार इंच, पेराच्या जरा खाली कापा. ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या. खालची पानं काढाच, पण पेरापाशी चिकटलेले ते बारीक पापुद्रेही काढा, सडायला सुरुवात तिथूनही होते.

आता वाळवणं. मी काय केलं? गुलाबाची सवय. कापलं, लगेच मातीत खोचलं, पाणी घातलं, वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधली. पण आपण जिरॅनियम म्हणतो ते खरं पेलार्गोनियम, मूळचं बहुतेक दक्षिण आफ्रिकेतलं. खोड मांसल, आतच पाणी साठवलेलं. ओल्या जखमेतून पिथियम नावाचा बुरशीसारखा जीव शिरतो आणि खोड खालून वर काळं पडत जातं. माझ्या फांद्यांची वरची पानं आठवडाभर हिरवीगार होती, म्हणून मी खूश! एक जरा हलवून पाहिली तर मातीलगतचं साल बोटांतच सुटून आलं, आत काळा चिखल.

तेव्हा फांद्या सावलीत वर्तमानपत्रावर पसरा, रात्रभर. उन्हात नाही. टोक हाताला कोरडं, कातडी धरल्यासारखं लागलं पाहिजे. पानं मलूल होतील, होऊ द्या. यंदा सासूबाईंना त्यांची दया आली आणि सकाळी पाहते तर सगळ्या पाण्याच्या पेल्यात उभ्या! पुन्हा कापल्या, पुन्हा वाळवल्या. घरात आधी सांगून ठेवा.

लावताना मिश्रण फक्त दमट. पेन्सिलीने भोक पाडा, इंच-दीड इंच खोल ठेवा, बाजूने दाबा. मुळं फुटायला लावतात ती पावडर नसली तरी चालतं. पिशवी नको, पानांवर फवारा नको. उजेड भरपूर, थेट ऊन नाही. वरचा थर सुकला की मगच पाणी. मुळं धरायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर उपटून बघू नका. (मी बघितलं होतं.) आणि वाळवल्याशिवाय लावली असेल तर बघायचीही गरज नाही.

मग जरा मोठी कुंडी, थोडं शेणखत, शेंडा खुडायचा म्हणजे झाड पसरतं. युरिया नको, नुसती पानं येतात. सुकलेला फुलांचा गुच्छ दांड्यासकट मोडा. हिवाळ्यात पूर्ण ऊन, एप्रिलपासून दुपारची सावली, पावसात छज्ज्याखाली.

आणि हो, शेजारच्या काकूंनी फाटकातून हातात दिलेली फांदीही लगेच खोचू नका. वर्तमानपत्रावर. रात्रभर.