थाई शिल्पात परंपरा आणि आधुनिकता जोडताना या चुका टाळा

थाई शिल्पकलेवर फिदा होऊन काम करायला बसणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी घसरतात. धड अमूर्त घडवतात आणि वर ज्वाळेसारखा उष्णीष, म्हणजे बुद्धाच्या डोक्यावरचा उंचवटा, चिकटवतात. झाले थाई शिल्प! ती ज्वाळा काढून बघा. मागे थाईपण उरत नसेल, तर परंपरा शिल्पात आलेलीच नाही, तिचा फक्त दागिना आला आहे.

याच्याही आधीची चूक बघण्यातली आहे. बँकॉकच्या वाट बेंचमबोफित या संगमरवरी मंदिराच्या ओवऱ्यांत सुखोथाई या जुन्या थाई राज्याच्या शैलीची, चालत्या बुद्धाची कांस्यमूर्ती आहे. तिच्यासमोर उभे राहून 'यांना शरीररचना येत नव्हती' असे म्हणणारे मला भेटले आहेत. खांद्यावरून ओघळणारा हात हत्तीच्या सोंडेसारखा, नाक पोपटाच्या चोचीसारखे, हनुवटी आंब्याच्या कोयीसारखी. इथे शरीर स्नायूंवरून नव्हे, उपमांवरून घडते. आपण मराठीत सहज 'आजानुबाहू' म्हणतो, ते याच महापुरुषलक्षणांपैकी एक. तेव्हा कोपराचे हाड शोधत बसू नका. रेषा खांद्यातून निघून बोटांच्या टोकापर्यंत न तुटता कशी जाते, ते बघा आणि दहा-बारा वेळा रेखाटा.

हीच रेषा थाई शिल्पकार खिएन यिमसिरी यांनी आधुनिक शिल्पात आणली. बासरी वाजवणाऱ्या बसलेल्या आकृतीच्या त्यांच्या कांस्यशिल्पाला 1949 मध्ये, थायलंडच्या पहिल्याच राष्ट्रीय कला प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. विषय साधा आहे, देवत्वाची खूण एकही नाही, तरी हातापायांच्या वळणांत सुखोथाई स्पष्ट ऐकू येते. माझ्या मते जुन्या-नव्याच्या मिलाफाचा यापेक्षा चांगला धडा थायलंडमध्ये दुसरा नाही.

'आधुनिक म्हणजे पाश्चात्त्य, पारंपरिक म्हणजे थाई' ही वाटणीही सोडा. यिमसिरींचे गुरू फ्लॉरेन्सचे शिल्पकार कोराडो फेरोची. ते 1923 मध्ये सयामला, म्हणजे आताच्या थायलंडला आले, पुढे थाई नागरिक होऊन शिल्प भीरासी झाले. त्यांनी उभारलेल्या शाळेचेच 1943 मध्ये शिल्पाकोर्न विद्यापीठ झाले. बँकॉकच्या लोकशाही स्मारकावरचे त्यांचे पिळदार सैनिक आणि शेतकरी पाहिले तर हा माणूस पक्का युरोपीय वाटतो. पण बँकॉकजवळच्या फुत्थमोंथोन या बौद्ध उद्यानातली सुमारे 16 मीटर उंच चालती बुद्धमूर्ती त्यांच्याच आराखड्यावरून, त्यांच्या मृत्यूनंतर उभी राहिली, आणि तिची चाल थेट सुखोथाईची आहे.

बुद्धाचे नुसते मुंडके करून ते शोभेला ठेवू नका. थाई लोकांना ते मनापासून खुपते. बँकॉकहून बुद्धमूर्ती आणायची असेल तर तिथल्या ललितकला विभागाचा परवाना लागतो, हेही आधीच विचारून घ्या.

साहित्य बदलले की काम आधुनिक झाले, असेही नाही. थाई शिल्पकार मोंतिएन बूनमा (1953–2000) यांनी भाजलेल्या मातीच्या घंटा रचल्या, कमळपाकळ्यांना सोन्याचा मुलामा दिला. पत्नी कर्करोगाने गेल्यानंतरच्या 'हाउस ऑफ होप'मध्ये औषधी वनस्पतींच्या गोळ्यांच्या माळा टांगल्या. त्या शिल्पात वासासकट शिरायचे असते. तिथे वनस्पती आली ती आजारपण आणि उपचारातून, वेगळे काही करायचे म्हणून नव्हे. तुमच्या कामातला लोखंडी पत्रा किंवा रेझिन तिथे कशासाठी आहे, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर ते काढा.

आणि इतके करूनही शिल्प जोडकाम वाटत असेल, तर ते खिडकीसमोर ठेवा आणि उजेड मागून येऊ द्या. तपशील नाहीसे होतील, फक्त बाह्यरेषा उरेल. शिल्प हळूहळू फिरवा. जिथे नजर अडखळते, तिथे सांधा आहे. तेवढी माती काढून तो भाग पुन्हा लावा. कोरीवकाम त्यानंतर.