रीफ टँकच्या पाण्याची चाचणी: सोलापूरच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

रीफ टँकमधील, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील प्रवाळ मिटून बसले की बहुतेक हौशी मंडळींचा हात आधी बफरच्या (पीएच सावरणाऱ्या रसायनाच्या) किंवा कॅल्शियमच्या बाटलीकडे जातो. पाण्याच्या चाचणी किटने दाखवलेला आकडा मुळात खरा आहे का, याची शहानिशा क्वचितच होते. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि बोअरचे पाणी तर चांगलेच जड असते. अशा ठिकाणी टँकपेक्षा मोजमापच चुकलेले असण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे औषध घालण्याआधी मोजमाप तपासावे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे क्षारता (पाण्यातील एकूण मिठाचे प्रमाण) न मोजता बाकीच्या चाचण्या करणे. समजा, कॅल्शियम ३८० पीपीएम (दशलक्ष भागांत ३८० भाग) आले. समुद्राच्या पाण्यात ते ४१० ते ४२० असते, म्हणून ते कमी वाटते. परंतु त्याच वेळी क्षारता ३५ पीपीटीऐवजी (हजार भागांत ३५ भाग मीठ) ३२ असेल, तर हेच कॅल्शियम ३५ पीपीटीच्या हिशेबाने सुमारे ४१५ भरते. म्हणजे कमतरता कॅल्शियमची नसून एकूण मिठाची आहे, आणि अशा वेळी कॅल्शियमचा डोस दिल्यास पुढे मीठ वाढवल्यावर ते प्रमाणाबाहेर जाते.

पाण्यातून प्रकाश किती वाकतो यावरून ती क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटरही डोळे झाकून विश्वास ठेवण्याजोगा नसतो. शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवले की काम झाले असे मानले जाते, पण त्यातून पट्टीचे केवळ एक टोक तपासले जाते. शिवाय बाजारातील अनेक स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे, तर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात, आणि त्यांनी ३५ दाखवले तरी खरी क्षारता ३३ च्या आसपास असते. म्हणून ३५ पीपीटीचे प्रमाण द्रावण (ज्याचा आकडा आधीच पक्का माहीत आहे असे द्रावण) जवळ ठेवावे. ते मिळाले नाही तर ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवावे. या द्रावणाचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे प्रमाण) ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतकाच असतो. उपकरणावर ‘एटीसी’ लिहिलेले असले तरी ती तापमान-सुधारणा साधारणपणे १० ते ३० अंश सेल्सिअसपर्यंतच चालते. दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३६ अंश असताना घेतलेले वाचन म्हणूनच संशयास्पद ठरते. सकाळच्या गारव्यात मोजावे आणि त्याच वेळी, त्याच जागी प्रमाण द्रावणाने जुळवून घ्यावे.

वाफेचा हिशेब सोपा आहे, पण तोच विसरला जातो. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागे राहते. १०० लिटरच्या टँकमधून ३ लिटर पाणी उडाले की ३५ ची क्षारता ३६ च्या पुढे सरकते. एके दिवशी पाणी भरण्याआधी आणि दुसऱ्या दिवशी भरल्यानंतर चाचणी केली, तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. भर गोड्या पाण्याचीच घालावी, खाऱ्या पाण्याची कधीही नाही.

हे गोडे पाणी कोणते, यावर बरेच अवलंबून असते. स्वयंपाकघरातील आरओचे पाणी चवीला चांगले लागते, कारण त्यातील टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) कंट्रोलर थोडे न गाळलेले पाणी परत मिसळतो, किंवा मिनरल कार्ट्रिज क्षार घालते. पिण्यासाठी ते ठीक आहे. टँकमध्ये मात्र रोज भर घालताना तेच क्षार, आणि नळाच्या पाण्यात असल्यास नायट्रेट व फॉस्फेटही साठत जातात. उन्हाळ्यात वाफ जास्त, म्हणून भरणा जास्त आणि साठवणही जास्त. नायट्रेट कमी होता होत नसेल तर आधी भरण्याच्या पाण्याची चाचणी करावी. डीआय रेझिननंतर (आरओनंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या गाळणीनंतर) टीडीएस मीटरने शून्य दाखवले पाहिजे.

प्रत्यक्ष चाचणीत घाईच नडते. कुपी नळाच्या पाण्याने धुऊन तशीच वापरली, तर उरलेले थेंब नमुना पातळ करतात, आणि वाळल्यावर काचेवर चढणारा पांढरा थर डिजिटल चेकरचे (रंग प्रकाशाने मोजणाऱ्या छोट्या यंत्राचे) वाचन बिघडवतो. शुद्ध पाण्याने धुऊन ठेवावी आणि वापरण्याआधी टँकच्याच पाण्याने खळखळून घ्यावी. नायट्रेटच्या अभिकर्मकाची बाटली सांगितली तितका वेळ जोरात न हलवल्यास आकडा फसवा निघतो. रंग निळ्या एलईडीखाली कधीही जुळवू नये. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर पाहावा. किट उन्हात तापलेल्या कुरिअरच्या गाडीतून आले असेल, तर प्रमाण द्रावणावर त्याची एकदा परीक्षा घ्यावी.

एककांचा घोळही लक्षात घ्यावा. काही किट नायट्रेट दाखवतात, तर काही फक्त त्यातील नायट्रोजन. दुसऱ्या प्रकारच्या आकड्याला ४.४ ने गुणावे लागते. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सामावून घेण्याची क्षमता) डीकेएचमध्ये आहे की मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, हेही पाहावे; १ मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे २.८ डीकेएच.

पीएचची तक्रार उन्हाळ्यात विशेष ऐकू येते. दारे-खिडक्या लावून एसी चालू ठेवला की घरातील कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच ७.८ पर्यंत खाली येतो. पहाटे तर तो तसाही दिवसातील नीचांकावर असतो. हे न ओळखता बफर ओतल्याने अल्कलिनिटी नाहक चढते आणि पीएच मात्र जागच्या जागी राहतो. परीक्षा सोपी आहे: भांडेभर टँकचे पाणी गच्चीवर सावलीत नेऊन एअर पंपाने तासभर हवा सोडावी. पीएच वर गेला, तर दोष खोलीतील हवेचा आहे. थोडी खिडकी उघडणे हाच त्यावरचा उपाय.

डोस दिल्यानंतर लगेच मोजू नये; रोज ठरावीक वेळी मोजावे आणि वेळही वहीत लिहावी. आकडा विचित्र आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे, शक्य असल्यास दुसऱ्या किटने. अल्कलिनिटी खरोखरच घसरली असेल, तरी दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नये. आणि कॅल्शियम व अल्कलिनिटी दोन्ही कितीही घातले तरी टिकत नसतील, तर मॅग्नेशियम तपासावे. ते १२५० ते १३५० पीपीएमच्या बरेच खाली असल्यास आधी तेच भरून काढावे लागते.