ओल्या पाठीपासून सुरुवात: त्वचेतून शिरणाऱ्या रसायनांचा धोका मोजायला शिकताना

पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करून आलेल्या एका दादांचा शर्ट मी पहिल्यांदा तपासायला घेतला, तेव्हा पाठीवर कमरेच्या जरा वर ताटाएवढा ओला डाग होता. "पंप गयते ताई, वायसर गेला त्याचा," ते म्हणाले. किती दिवसांपासून? "झाले पंधरा-वीस दिवस." अंगाच्या कोणत्या भागावर किती औषध पडतं, याच्या माझ्या तक्त्यात सगळ्यात मोठा आकडा हातांसाठी होता आणि पाठीसाठी सगळ्यात छोटा. तो तक्ता मी त्याच संध्याकाळी नव्यानं मांडला.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी याच शर्टापासून सांगायला सुरुवात करते. रसायन त्वचेतून किती शिरतं, हा प्रश्न प्रयोगशाळेचा आहे. ते त्वचेवर पडतं किती, कुठं आणि किती तास तिथं राहतं, हा प्रश्न मात्र वावराचा आहे, आणि माझ्या अनुभवात मोठ्या चुका तिथंच होतात.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले. त्या वर्षी कपाशी दाट आणि उंच वाढली होती. छातीच्या वर गेलेल्या पिकात नोझल धरून चालायचं, म्हणजे फवारा चेहऱ्यावर येतो आणि ओली पानं अंगाला पुसत जातात. मी तेव्हा औषधनिर्माणशास्त्र शिकत होते. त्या बातम्या वाचून मी विषशास्त्राकडे वळले.

आता थोडं शास्त्र. त्वचेचा खरा अडसर म्हणजे सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर. बहुतेक ठिकाणी तो जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो. रेणू ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) मोठा असेल तर त्याला आत जाणं फार कठीण. लहान असेल, आणि चरबीत व पाण्यात दोन्हीकडे थोडाफार विरघळत असेल, तर वाट सोपी. शिवाय अंगावरची सगळी त्वचा सारखी नसते. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या पॅराथिऑन या कीटकनाशकाच्या अभ्यासात स्वयंसेवकांच्या हाताच्या पुढच्या भागातून सुमारे ९ टक्के रसायन शोषलं गेलं, कपाळातून ३६, काखेतून ६४ आणि वृषणाच्या त्वचेतून जवळपास सगळं. पंपाचं पाणी पाठीवरून ओघळत पँटच्या आत जातं, तेव्हा हे आकडे डोळ्यांसमोर असायला हवेत.

नवख्यांचा पाय हमखास घसरतो तो टक्केवारीत. मोजलेली माहिती उपलब्ध नसेल, तर युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत गृहीत धरायचे आकडे दिले आहेत. सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे सेंद्रिय द्रावकात, विरघळवलेल्या औषधासाठी (कीटकनाशकासाठी) बाटलीतल्या मूळ द्रावाचं शोषण २५ टक्के, पण पाण्यात कालवलेल्या द्रावणाचं ७० टक्के. पातळ केलेलं जास्त कसं शिरेल? कारण त्वचेची तासाभरात आत घेण्याची क्षमता मर्यादित असते. घट्ट द्राव पडला की बराचसा वरच उरतो, म्हणून टक्का कमी दिसतो. पातळ द्रावणातलं बहुतेक आत जातं. समजा, ५० किलो वजनाच्या मजुराच्या अंगावर टाकीतल्या द्रावणातून २० मिलिग्रॅम औषध पडलं. २५ टक्के धरले तर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम शरीरात जातं, ७० टक्के धरले तर ०.२८. चुकीच्या ओळीतला आकडा उचलला, तर धोका जवळपास तिपटीनं कमी दिसतो. मात्र बाटली उघडून औषध कालवणाऱ्याच्या बोटांवर मुळात कितीतरी जास्त औषध पडतं. तिथं टक्का कमी आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

प्रयोगशाळेत शोषण मोजायचं काम ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२८ क्रमांकाच्या पद्धतीनं होतं. काचेच्या कुपीत मधोमध माणसाची किंवा डुकराची त्वचा ताणून बसवायची, वर रसायन, खाली द्रव, तापमान ३२ अंश. माझी पहिली मालिका इथंच वाया गेली. चरबीत विरघळणाऱ्या कीटकनाशकासाठी मी खाली नुसतं क्षारयुक्त पाणी ठेवलं. रसायन त्वचेपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं, कारण पुढं विरघळायला जागाच नव्हती. अहवालात शोषण नगण्य आलं आणि मला आनंद झाला. वरिष्ठांनी त्वचेतच अडकलेलं औषध मोजायला लावलं, तेव्हा ते सापडलं. जिवंत माणसात ते साठलेलं औषध रक्त पुढं नेत राहतं. आकडा हवा तितका कमी आला, की आधी खालचा द्रव तपासा.

हातमोज्यांबद्दलही नीट वाचा. अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या लॅटेक्स मोज्यावर १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे काही थेंब पडले. १९९७ च्या जूनमध्ये त्या गेल्या. लॅटेक्समधून ते रसायन काही सेकंदांत पार होतं, हे नंतरच्या चाचणीत दिसलं. कापडी मोजा तर औषध शोषून हाताशी दाबून धरतो.

शिक्षणाचं म्हणाल तर रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, फार्मसी, कृषी, कुठूनही येता येतं. लखनौची भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्था आणि अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था, या दोन ठिकाणांकडे लक्ष ठेवा. आकडेमोडीचे तक्ते तयार मिळतात, पण एकदा हातानं गणित करा, म्हणजे कोणत्या आकड्यानं उत्तर हलतं ते कळेल.

गावात बोलताना 'विषबाधा झाली का' असं विचारलं की सगळे नाही म्हणतात. तिथं कीटकनाशकाला औषधच म्हणतात. 'फवारल्यावर मळमळतं का, अंधारी येते का, घाम सुटतो का' असं विचारलं की माणूस बोलू लागतो. शक्य असेल तर हंगामाआधी रक्तातलं कोलिनेस्टेरेज (काही कीटकनाशकांमुळे घटणारं विकर) मोजून घ्या. ते माणसागणिक इतकं वेगळं असतं, की आधीचा आकडा हातात नसेल तर नंतरची घट ओळखणं अवघड जातं.

त्या दादांचा शर्ट परत द्यायला गेले, तेव्हा घेतला त्यांच्या बायकोनं. फवारणीचे कपडे रोज त्याच धुतात, उघड्या हातांनी, घरच्या बाकी कपड्यांबरोबर एकाच बादलीत. माझ्या तक्त्यात त्यांच्यासाठी ओळच नव्हती. आता प्रत्येक तक्त्यात ती असते, मजुराच्या लगेच खाली.