दोन प्रोसेसरचा मदरबोर्ड शोधताय? या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे लग्नाचे व्हिडिओ आणि थ्रीडीचं काम करणारी बरीच पोरं आता जुने झिऑन (इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर) घेऊन दोन प्रोसेसरचं मशीन बनवायचं म्हणतात, विचार चांगलाच आहे, पण आधी बोर्ड पसंत करतात आणि मग त्यात बसेल असा प्रोसेसर शोधत फिरतात. भो, उलटं करा. आधी प्रोसेसरचा नंबर पक्का करा.

कारण बोर्डवर दोन सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागा, असले तरी प्रोसेसरला जोडीनं चालता यायला पाहिजे. कोअर आय सेव्हन, रायझन जोडीनं चालतच नाहीत. झिऑन ई५ मध्ये डॅशनंतरचा पहिला आकडा बघा, १६५० म्हणजे एकटाच चालणार, २६८० म्हणजे दोन चालतील. एएमडीच्या एपिक या सर्व्हर प्रोसेसरच्या नंबरशेवटी पी असला तर तोही एकटाच.

दुसरी चूक म्हणजे नुसतं "२०११ सॉकेट" ऐकून पैसे देणं. ई५ चे पहिले दोन व्हर्जन २०११ मध्ये बसतात आणि डीडीआर३ रॅम घेतात, व्ही३ आणि व्ही४ ला २०११-३ लागतो आणि बहुतेक बोर्ड डीडीआर४ चे असतात. व्ही४ टाकणार असाल तर बायोस (बोर्ड चालू करणारं त्यातलंच सॉफ्टवेअर) नवीन आहे का तेही विचारा.

अर्धी रॅम दिसत नाही ही तक्रार तर सारखीच येते. प्रत्येक प्रोसेसरचे रॅमचे स्लॉट वेगळे असतात, दुसरा सॉकेट रिकामा असला की त्याच्या बाजूची रॅम आणि ग्राफिक्ससारखी कार्डं लावायचे काही पीसीआय स्लॉट बंदच राहतात, बोर्डचा काही दोष नाही. पण दोन्ही प्रोसेसर लावूनही रॅम कमी दिसली तर प्रोसेसर काढा, मोबाईलची टॉर्च तिरपी धरून सॉकेटच्या पिना बघा, सगळ्यांची चमक एका रेषेत दिसते, वाकलेली लगेच वेगळी कळते. सेकंडहँड बोर्ड घेताना हे दुकानातच करा, लाजू नका.

विंडोजमध्ये एकच प्रोसेसर दिसतो? होम एडिशन एकच सॉकेट वापरते, प्रो टाका, मग टास्क मॅनेजरमध्ये सॉकेट्स २ येतं.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. अशा बोर्डला सीपीयूच्या आठ पिनच्या दोन वायरी लागतात, पॉवर सप्लायमध्ये एकच असली की काही जण ग्राफिक्स कार्डची आठ पिनवाली दाबून बसवतात, तिच्यात बारा व्होल्ट आणि ग्राउंड उलट्या बाजूला असतात, बोर्ड जळू शकतो. सप्लायच बदला.

कूलर घेताना सॉकेटची पकड चौकोनी आहे का अरुंद ते मोजा, दोघांच्या स्क्रूच्या जागा वेगळ्या. २६८० व्ही४ एकेक १२० वॅटचा आहे, दोन मिळून २४० वॅट, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा कूलरमध्ये कंजूसी नको. बोर्ड १२ बाय १३ इंचाचा असू शकतो, कॅबिनेट घ्यायच्या आधी टेप लावून बघा.